ब्यूरोची बाई की ओळखीतली? घरच्या शुश्रूषेतल्या मध्यस्थाचा इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आलं असेल, की हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय आहे की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा? तसे वाटणे साहजिक आहे. वडील अंथरुणाला खिळलेले असतात, आईला विसर पडू लागलेला असतो, मुलगा परगावी, सुनेची नोकरी. आणि घरात एकच चर्चा चालू असते. बाई ब्यूरोकडून घ्यायची की ओळखीतून थेट ठेवायची? व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी आम्हाला कांटबद्दल फारसे कोणी विचारत नाही, हे मात्र हमखास विचारतात. आम्हीही सत्तरी ओलांडली आहे. तेव्हा हा प्रश्न आमच्या दृष्टीने पुस्तकातला राहिलेला नाही.

बहुतेक घरांत या प्रश्नाचा निकाल पैशावर लागतो. ब्यूरो महाग, थेट स्वस्त. किंवा भीतीवर लागतो. ब्यूरोची बाई म्हणजे खात्रीची, बाहेरची म्हणजे कोण जाणे. आमचे म्हणणे असे, की या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : मध्यस्थ नेमके काय विकतो? आणि मध्यस्थ नको असेल, तर त्याची कामे कोणी करायची? हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची उत्तरे वेगवेगळ्या काळात वेगवेगळी दिली गेली आहेत. म्हणून आजचे व्याख्यान इतिहासाचे.

सुरुवातीला दोन शब्द नीट वेगळे करू. नर्स म्हणजे परिचारिका. तिचे ठरावीक शिक्षण असते आणि तिची परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, आपल्या राज्याचा परिचारिका अधिनियम १९६६ चा. आणि आपण ज्यांना मावशी, आया किंवा नुसतं ‘बाई’ म्हणतो, पुरुष असेल तर मामा किंवा ब्रदर म्हणतो, ती व्यक्ती वेगळी. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, डायपर बदलणे, हात धरून चार पावले चालवणे, रात्री उशाशी जागणे, ही तिची कामे. इंजेक्शन, सलाइन, नळीतून औषध ही नोंदणीकृत नर्सची कामे. अंगात पांढरा कोट घातला म्हणून मावशीची नर्स होत नाही. घरोघरी निम्मे घोटाळे होतात ते ही सीमा पुसली गेल्यामुळे. आज आपण बोलतोय ते मुख्यतः मावशींबद्दल.

आता जरा मागे जाऊ. बरंच मागे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र आपण राज्यकारभाराचा ग्रंथ म्हणून ओळखतो. शामशास्त्रींनी म्हैसूरला ते १९०९ साली छापून जगापुढे आणले. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यातल्या तिसऱ्या अधिकरणात चाकर आणि मालक यांच्या व्यवहाराचे नियम आहेत. ते वाचताना आपल्याला घरची आठवण येते, बरं का. पहिला नियम असा, की चाकराशी काय ठरले आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असावे. म्हणजे करार चार भिंतींआड राहू नये, उद्या वाद झाला तर साक्षीला कोणीतरी हवे. दुसरा नियम : चाकर आजारी पडला, त्याच्यावर संकट आले किंवा काम त्याच्या आवाक्याबाहेरचे निघाले, तर त्याला करारातून सूट मिळावी, किंवा ते काम दुसऱ्याकडून करून देण्याची मुभा मिळावी. म्हणजे बदली!

तिसरा नियम तर आपल्या विषयाच्या अगदी मर्मावर बोट ठेवतो. कौटिल्य एकटा ठेवलेला चाकर आणि संघामार्फत आलेला चाकर असा भेद करतो. संघामार्फत आलेल्यांना सात रात्रींची मुदत. त्यानंतर संघाने दुसरा माणूस उभा करायचा आणि काम पुरे करून द्यायचे. शिवाय मालकाला कळवल्यावाचून संघाने माणूस काढायचा नाही. तसे केले तर संघाला दंड, चोवीस पण. बघा म्हणजे, आज ब्यूरोच्या छापील फॉर्मवर जे कलम असते, ‘बाई न आल्यास बदली देण्यात येईल’, त्याचा पूर्वज इतका जुना आहे. आणि दंडाची तरतूद कौटिल्याच्या फॉर्मवर होती, आपल्या फॉर्मवर बहुधा नसते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवू. कौटिल्याचा हा संघ कामकऱ्यांचा होता. मिळालेली मजुरी आपसात ठरल्याप्रमाणे, नाहीतर सारखी वाटून घ्यावी, असेही तिथे सांगितले आहे. तो दुकानदाराचा संघ नव्हता. म्हणून मध्यस्थ असावा की नसावा एवढेच विचारून भागत नाही. मध्यस्थ कोणाचा, हेही विचारावे लागते. हे सूत्र धरून पुढे जाऊ.

‘आमच्या आजोबांच्या वेळी कुठे होते ब्यूरो? घरातल्या घरातच सगळं व्हायचं,’ असे आपण म्हणतो. खरे आहे. पण कोण करायचे? घरातली सून करायची. आणि फार घरांत एखादी विधवा आत्या, काकू किंवा लांबची बहीण करायची, जिला दोन वेळचे जेवण आणि आडोसा एवढ्यावर आयुष्यभर राबवून घेतले जाई. तिला सुट्टी नव्हती, तिची बदली नव्हती आणि तिने नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. त्या व्यवस्थेला मध्यस्थ लागला नाही, कारण तिथे व्यवहार नव्हता. एकाच बाजूची सक्ती होती. म्हणून ‘पूर्वी किती छान होतं’ हे म्हणताना जरा थांबून, कोणासाठी छान होतं, हे विचारावे.

या विधवांचा विचार ज्यांनी केला त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव घ्यावेच लागते. पुण्याचे सेवासदन १९०९ सालचे. योगायोग म्हणजे अर्थशास्त्र छापले गेले तेच वर्ष. सेवासदनाने आपल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले, त्यांत विधवा होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढायचे, हे त्या काळच्या पांढरपेशा समाजाला सहन होणारे नव्हते. टीका झाली. तरी ते काम टिकले. कशामुळे? त्या मुलीच्या मागे एक संस्था उभी होती. घरच्यांना संस्थेचा शब्द होता आणि मुलीलाही संस्थेचे छप्पर होते. संस्था दोन्ही बाजूंना जामीन राहिली. शिवाय आत्याबाई जे फुकट करत होत्या, त्याला इथे पहिल्यांदा शिक्षण, पगार आणि प्रतिष्ठा मिळाली.

असाच अनुभव इंग्लंडमध्ये त्याआधी पन्नास वर्षे आला होता. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी १८५९ मध्ये घरीच वारली. शेवटच्या दिवसांत तिच्या सेवेला मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका होती. पैसेवाल्या घरात जर तिच्यामुळे इतका दिलासा मिळतो, तर गरिबांच्या घरी किती मिळेल, या विचाराने रॅथबोन यांनी तिलाच शहरातल्या गरिबांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. महिनाभरात ती परत आली, हे दुःख मला एकटीला पेलत नाही म्हणाली. रॅथबोननी तिला धीर दिला, ती पुन्हा गेली. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने लिव्हरपूलला परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, शहराचे विभाग पाडून घरोघर जाणाऱ्या परिचारिका नेमल्या गेल्या. या हकिकतीतले आम्हाला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की संस्थेची गरज रुग्णाच्या घराला असते तशीच सेवा करणाऱ्या बाईलाही असते. एकटी माणसे या कामात लवकर थकतात.

आतापर्यंत आपण मध्यस्थाची चांगली बाजू पाहिली. आता दुसरी बाजू, आणि त्यासाठी मुंबईच्या गिरणगावात जायला हवे. तुम्ही म्हणाल, शुश्रूषेचा आणि कापडगिरण्यांचा काय संबंध? संबंध असा, की गावाकडून आलेले अनोळखी माणूस शहरातल्या कामावर लावून देणारा मध्यस्थ महाराष्ट्राने सर्वात जवळून पाहिला तो गिरणीत.

गिरण्या निघाल्या १८५० च्या दशकात. रत्नागिरी-साताऱ्याकडून माणसे येऊ लागली. मालकाला एवढ्या माणसांची ओळख कशी असणार? म्हणून जॉबर आला. तो आपल्या मुलखातली माणसे आणायचा, त्यांना कामावर घ्यायचा, अडीनडीला कर्ज द्यायचा, खोलीची सोय बघायचा. बायकांच्या खात्यात, जिथे सूत गुंडाळायचे काम चाले, तिथे हेच काम करणारी बाई असे. तिला नायकीण म्हणत. या सगळ्या उपकारांची किंमत होती दस्तुरी. कामावर लावले म्हणून दस्तुरी, टिकवले म्हणून दस्तुरी, रजेवरून परत घेतले म्हणून दस्तुरी. मालकाकडून पगार आणि कामगाराकडून दस्तुरी, असा तो दोन्ही हातांनी घेई. आणि दोघांनाही वाटे की हा आपलाच माणूस.

१९२९ मध्ये नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. माणूस घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, त्यासाठी गिरणीत मजूर अधिकारी नेमावा, असे सुचवले. मग १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. रोज सकाळी कार्डवाल्यांनी हजर राहायचे, जितके गैरहजर तितक्यांना काम. जॉबर एका दिवसात नाहीसा झाला नाही. पण बदली देणे हे ज्या हुकमाच्या पानावर त्याचे राज्य चालले होते, ते पान त्याच्या हातातून हळूहळू निसटले. बदली ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात. हे वाक्य आम्ही पुन्हा वापरणार आहोत.

तिसरा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा, आणि तो महाराष्ट्राचा खास आहे. बाजारपेठांत, गोदीत डोक्यावर ओझे वाहणारे माथाडी. त्यांचा मालक कोण? रोज नवा व्यापारी. टोळीचा मुकादम देईल तेच काम आणि तोच दाम. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी लढा दिला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कायद्याची युक्ती साधी आहे. मालकाने मंडळात नोंदणी करायची, कामगाराने मंडळात नोंदणी करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची, मंडळ ती कामगाराला देणार. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, बोनस असे सगळे. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. म्हणजे मध्यस्थ राहिला, फक्त तो कोणाच्या खिशातला राहिला नाही. १९८१ मध्ये हीच पद्धत खासगी सुरक्षारक्षकांना लावली गेली. तुमच्या सोसायटीच्या दारातला रखवालदार मंडळाचा असू शकतो. मग चौथ्या मजल्यावर आजीपाशी बसणारी मावशी का नाही?

हा आजच्या व्याख्यानातला खरा प्रश्न आहे.

त्याचे एक कारण म्हणजे घर. कायद्याच्या नजरेत कारखाना, दुकान, गोदाम ही आस्थापना. घर म्हणजे खासगी जागा. माथाडी एका बाजारात हजारो असतात, मावश्या मात्र एकेका घरात एकेकट्या. त्यांनी एकत्र यायचे कुठे? तरी त्या आल्या. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. पगारवाढ, आठवड्याची सुट्टी या मागण्या त्यांनी आपल्यासारख्यांच्या दारात येऊन मांडल्या. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. चांगले झाले. पण नीट पाहा : हे कल्याण मंडळ आहे. नोंदणी झालेल्या कामगाराला काही लाभ देणारे. माथाडी मंडळासारखे घरमालकाकडून पगार भरून घेणारे आणि बदली देणारे ते नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ केला. मध्यस्थाने आपली फी कामगाराच्या वेतनातून कापू नये, असे त्यात स्पष्ट आहे. भारताने त्याला अनुमोदन देऊन तो लागू केलेला नाही. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा मात्र घर हेही कामाचे ठिकाण मानतो, हे अनेकांना माहीत नसते. २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत मांडली गेली, तिच्यात घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा विचार होता. ते विधेयक कायद्यापर्यंत पोचले नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले.

म्हणजे आज आपण कुठे उभे आहोत? २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक देशात सुमारे १०.४ कोटी होते. महाराष्ट्रात तर दहातला एक जण जवळपास. मागणी प्रचंड. पुरवठा करणारे ब्यूरो गल्लोगल्ली, अनेकांकडे शॉप अ‍ॅक्टच्या परवान्यापलीकडे काही नाही. नोटिसा छापलेल्या : १२ तासांची बाई, २४ तासांची बाई. या ब्यूरोत काही फार चांगले आहेत, बाईला आधी शिकवतात, मग पाठवतात. काही निव्वळ जॉबर आहेत. घराकडून नोंदणी फी आणि दरमहा रक्कम, बाईकडून कमिशन. दस्तुरीच ती, फक्त आता पावती मिळते. कधी तीही मिळत नाही.

आमच्या घरचा अनुभव थोडक्यात सांगतो. आईच्या शेवटच्या वर्षांत आम्ही दोन्ही वाटा चाललो. आधी ब्यूरोची बाई. एकही दिवस नागा पडला नाही, हे कबूल केले पाहिजे. पण चार महिन्यांत पाच चेहरे. आईची दृष्टी गेलेली. डाव्या कुशीवर वळवले की तिला कळ लागायची, हे तिने पाच वेळा पाच जणींना सांगितले. पाचव्या वेळी ती आम्हाला म्हणाली, ‘अरे, मी आता सांगत नाही, दुखलं तर दुखलं.’ ब्यूरोने बदली दिली, करार पाळला. पण बदली माणसाची झाली, ओळखीची झाली नाही.

मग ओळखीतून एक मावशी आल्या, थेट. दोन वर्षे राहिल्या. आईच्या पावलांच्या आवाजावरून तिला काय हवे ते त्यांना कळायचे. संस्कृतात शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. आम्ही तो वर्गात शिकवला होता, पाहिला तो त्या मावशींकडे. आणि मग एका रात्री त्यांना गावाहून फोन आला, त्यांची सासू पडली होती, खुब्याचे हाड मोडले होते. पहाटेच्या एसटीने त्या गेल्या, तीन आठवड्यांनी आल्या. जायलाच हव्या होत्या. ते तीन आठवडे आमच्या घरात काय झाले हे अशा परिस्थितीतून गेलेल्यांना सांगायला नको. पाठीच्या दुखण्यासकट सगळे आले.

या दोन अनुभवांतून आणि एवढ्या इतिहासातून काय हाती लागते? मध्यस्थ तीन गोष्टी विकतो. पहिली, खात्री : हा माणूस कोण, याची हमी. दुसरी, बदली. तिसरी, हिशेब : पगार किती, तास किती, तक्रार कोणाकडे. आपण थेट बाई ठेवतो तेव्हा या तीन गोष्टी नाहीशा होत नाहीत. त्या आपल्या अंगावर येतात. ‘थेट स्वस्त पडतं’ असे म्हणताना, या तिन्हींचे काम घरातले कोण करणार, त्याचे नाव घेता आले पाहिजे. नाव घेता येत नसेल तर ती स्वस्ताई नव्हे. मग बहुधा बदलीच्या दिवशी घरातली सून नोकरी बुडवते, आणि आपण पुन्हा आजोबांच्या काळात जातो.

म्हणून आमचा सल्ला परिस्थितीप्रमाणे बदलतो. शस्त्रक्रियेनंतरचे सहा-आठ आठवडे असतील, रुग्णाला बोलता-सांगता येत असेल, किंवा म्हातारी जोडीच एकटी राहत असेल आणि मुले दूर असतील, तर ब्यूरो बरा. तिथे खंड न पडणे महत्त्वाचे. विस्मृतीचा आजार असेल, वर्षानुवर्षांचे अंथरूण असेल, तर ओळख हेच अर्धे औषध असते. नवा चेहरा पाहून असा रुग्ण घाबरतो. तिथे थेट बाई बरी, पण घरात कोणीतरी एक जण जबाबदार मालक व्हायला तयार असेल तरच.

ब्यूरोकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा, आणि लेखी घ्या. मी देतो त्यातले बाईच्या हातात किती पडतात? बदली बाई आली तर आधीची तिला रुग्ण समजावून देणार का, की नुसती किल्लीसारखी हातात देणार? आणि रुग्ण उचलताना बाईच्याच कमरेत भरले तर उपचार कोणाचा? पहिल्या प्रश्नाला जो ब्यूरो सरळ उत्तर देतो, तो बहुधा बाकीच्यांनाही देतो. जो म्हणतो, ‘काका, ते आमचं आम्ही बघतो,’ तो जॉबर समजावा.

थेट ठेवाल तर कौटिल्याचे ऐका. ठरले ते कागदावर लिहा आणि शेजारच्या एका घराला माहीत असू द्या. कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा, पगाराची तारीख. पोलीस पडताळणी करा, आणि ती अपमान न वाटेल अशा शब्दांत सांगून करा. आपलीही कागदपत्रे तिला दाखवावीत, तीही परक्या घरात राहायला येते आहे. तिचा अपघात विमा काढा. २४ तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे; तिची झोप कुठे आणि किती, हे ठरवा. एक वही ठेवा : औषध कधी, जेवण किती, कोणत्या कुशीवर काय दुखते. आमच्या आईची वही असती तर पाच जणींना पाच वेळा सांगावे लागले नसते, मग ती बाई ब्यूरोची असो की आणखी कोणाची.

आणि बदली आधी शोधून ठेवा. महिन्यातून दोन दिवस पैसे देऊन तिला बोलवा, रुग्णाला तिची सवय होऊ द्या. इथे आम्ही एक पाऊल पुढे जाऊन सुचवतो. एकाच सोसायटीत तीन घरांना बाई लागते, असे आता सर्रास दिसते. त्या तीन घरांनी मिळून चार जणी ठेवाव्यात. चौथी तिघींच्या सुट्ट्या भरून काढील, तिघा रुग्णांना ओळखील. चौघींचा पगार तिघांनी वाटून घ्यायचा, हिशेबाची वही सगळ्यांना खुली. बदली ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात, असे आपण मघाशी म्हटले. इथे बदली त्या चौघींच्या आणि तीन घरांच्या हातात राहील. हा संघच झाला, फक्त छोटा. सरकारचे मंडळ येईल तेव्हा येईल. माथाडींनाही ते आयते मिळाले नाही.

शेवटचा मुद्दा तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा, त्याशिवाय आम्हाला सुटका नाही. कांटने १७८५ मध्ये एक भेद केला : काही गोष्टींना किंमत असते, त्यांच्या जागी दुसरे काही ठेवता येते, माणसाला प्रतिष्ठा असते, त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही. आता आपली अडचण बघा. ब्यूरोचे सगळे बळ माणूस बदलता येण्यात आहे, आणि आजारी माणसाची सगळी भूक न बदलणाऱ्या माणसाची आहे. ही ओढाताण कोणत्याही कायद्याने पूर्ण मिटणार नाही. पण बदलीची सोय असली तरच न बदलता येणारे माणूस माणसासारखे राहू शकते. त्या मावशी सासूकडे जाताना तीन वेळा ‘रागावला नाहीत ना?’ असे विचारून गेल्या. सुट्टी हा त्यांचा हक्क असता, आणि त्यांच्या जागी येणारी आईच्या ओळखीची असती, तर त्यांना ते विचारावे लागले नसते. त्यांच्या सासूची कूस बदलायला गावात ना ब्यूरो होता, ना मंडळ. सूनच होती, आणि ती आमच्याकडे होती.

तेव्हा आज घरी गेल्यावर दर किती, ही चौकशी जरूर करा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून एक गोष्ट ठरवा : आपल्या बाईला उद्या पहाटे गावाला जावे लागले, तर तिला आनंदाने ‘जा’ म्हणण्याची आपली तयारी काय आहे? त्या तयारीवरून ब्यूरो की थेट हे आपोआप ठरेल.

प्रश्न असतील तर विचारा.